बार्शीकरकाकांचं रिकामं कार्ड

बार्शीकरकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "टेकडीपेक्षा लहान आणि वारुळापेक्षा मोठं असं जे काही असतं, त्याला इंग्रजीत तुम्ही काय म्हणाल?"

मला कोलकात्यात येऊन तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. बँकेने बदली केली, डमडमला भाड्याचं घर मिळालं, आणि ऑफिसातल्या कोणीतरी मराठी मंडळाचा पत्ता दिला म्हणून मी तिळगुळाच्या कार्यक्रमाला गेले होते. ओळख कोणाचीच नाही, हातात तिळगुळाची पुडी, आणि समोर एक उंच, वाळका म्हातारा, खिशाला लाल शाईचं पेन लावलेला. नाव नाही, गाव नाही, एकदम टेकडी. मी म्हटलं, "स्मॉल हिल." त्यांनी मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले आणि दुसऱ्या कोणाकडे तरी वळले. इतक्या सभ्यपणे नापास होण्याची माझी ती पहिलीच वेळ.

चपला घालताना शब्द आठवला. खरं तर तशीच घरी जाऊ शकले असते, पण मला राहवेना. परत आत गेले, त्यांना गाठलं आणि म्हटलं, "हिलॉक."

"तो काय, सगळ्यांनाच येतो," ते म्हणाले. "पण परत येऊन सांगणाऱ्या तुम्ही दुसऱ्या."

पहिल्या म्हणजे त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू. हे मला पुढे काकूंनीच सांगितलं. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात धरून या गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला होता. काकू उठून आत गेल्या, भावाचा शब्दकोश उघडला आणि बाहेर येऊन उत्तर दिलं. "मुलाला आपली मुलगी पसंत नाही म्हणून अवघड विचारतोय, असं आमच्या घरच्यांना वाटलं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, बाई, हा निदान हुंड्याचं तरी विचारत नाही."

माधव बार्शीकर हे नाव धारण करणारा हा माणूस आयुष्यात दोनदाच बार्शीला गेला होता. जन्म कोलकात्याचा. वडील रेल्वेच्या कचेरीत नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. काका स्वतः एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीतल्या छापखान्यात प्रूफरीडर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने तिथे जात. मालकांनी जा म्हटलं नव्हतं आणि काकांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे दोघांचीही अडचण होत नव्हती. छापखान्यातले बंगाली लोक त्यांना बारशीबाबू म्हणत. तिथे पुस्तकं छापली जात नसत. टेंडरच्या नोटिसा, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, चर्चची पत्रकं, शाळांची प्रगतिपुस्तकं असा सगळा रुक्ष माल. काका तो माल शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटा वाचत. "सरळ वाचलं की अर्थ मध्ये लुडबुडतो," ते म्हणत. "मग डोळा चुकीवरून घसरतो. उलटं वाचावं, म्हणजे प्रत्येक शब्द एकटा सापडतो."

शब्द असा एकटा सापडण्याची त्यांना जन्माची सवय लागली होती. त्यातूनच त्यांचा तो डबा आला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात पोस्टकार्डाएवढी सदतीस कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एक जुना इंग्रजी शब्द. सगळ्यांचं शेपूट एकच: ओ, सी, के. जुन्या इंग्रजीत हे शेपूट लहानशा वस्तूला लावत, आपण पिटुकलं किंवा एवढुस्सं म्हणतो तसं. हिलॉक म्हणजे धाकटी टेकडी. बुलॉक म्हणजे मुळात लहान बैल. बिटॉक म्हणजे अगदी जराशी चिमूट. डनॉक म्हणजे करड्या रंगाचा एक छोटा पक्षी, रडॉक म्हणजे तांबड्या छातीचा. मॅमॉक म्हणजे फाडून उरलेला तुकडा. "सगळेच काही एका घराण्यातले नाहीत," काका सांगत. "काहींचं नुसतं आडनाव सारखं आहे. पण आपल्या मंडळात तरी दुसरं काय आहे?"

शब्द नुसते जमवणारे लोक मी पाहिले आहेत. काकांचं तसं नव्हतं. त्यांना प्रत्येक शब्द या शहरात, आपल्या हयातीत, पुन्हा एकदा छापून आलेला पाहायचा होता. त्यासाठी त्यांचे तीन नियम होते. वाक्याला त्या शब्दाची खरोखर गरज असली पाहिजे. लिहिणाऱ्याने तो आपणहून लिहिलेला असला पाहिजे. आणि तो काकांनी स्वतः कधीही लिहायचा नाही, सुचवायचाही नाही. छापून आला की तेवढी ओळ कात्रीने कापून कार्डाच्या खालच्या अर्ध्या भागात डकवायची. मी म्हटलं, "काका, तुम्ही प्रूफरीडर. एखाद्या टेंडरमध्ये हळूच घुसडायचा की एक शब्द. कोणाला कळणार होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बँकेची तिजोरी फोडायला सांगितली होती. "दुसऱ्याच्या ताटात आपला हात घालायचा नाही," ते म्हणाले. "शब्द सुचवायचा नाही. तहान लावायची आणि बाजूला उभं राहायचं."

ही तहान लावायची पद्धत मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. बजबजला नदीकाठी जुन्या लाकडी होड्या तपासणारे एक म्हातारे सर्वेक्षक होते, सोमनाथबाबू नावाचे. त्यांचा एका होडीबद्दलचा अहवाल छापखान्यात आला होता. होडीच्या पोटातल्या वाकड्या लाकडांना त्यांनी पहिल्या पानावर एक म्हटलं होतं, तिसऱ्यावर दुसरं आणि सहाव्यावर तिसरंच. ही शंका फोनवर विचारता आली असती. काकांनी रविवारी सियालदह स्टेशनवरून बजबजची लोकल पकडली आणि मलाही बरोबर नेलं, कारण मी कोलकाता पाहिलं नव्हतं आणि त्यांच्या मते ते तिथून सुरू होत होतं.

सोमनाथबाबू एका उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत चहा पीत बसले होते. काकांनी प्रूफ पुढे केलं, तीन जागा दाखवल्या आणि बंगालीत म्हणाले, "दादा, वस्तू एक आणि नावं तीन. वाचणारा गोंधळेल. हिचं एकच नाव नाही का?"

सोमनाथबाबूंनी त्या लाकडावरून हात फिरवला. "नाम तो आछे," ते म्हणाले. "किन्तु के बुझबे?" नाव आहे, पण समजणार कोणाला?

"आपनि तो बोझेन," काका म्हणाले. तुम्हाला तर समजतं. आणि गप्प बसले.

किती वेळ गप्प बसले ते विचारू नका. माझा चहा संपला, दुसरा आला. नदीवरून दोन बार्ज गेल्या. मग त्या म्हाताऱ्याने खिशातून पेन काढलं, तिन्ही जागी आपल्या हाताने "फटॉक" असं लिहिलं आणि पुटपुटला की माझे मालक हाच शब्द वापरत, मी उगाच सोपं करायला गेलो. काकांनी आभार मानले, एवढंच. परतीच्या गाडीत मात्र ते प्रूफ त्यांनी मिठाईचा पुडा धरावा तसं मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मला त्यांचं हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. एवढ्या लहान गोष्टीने आनंद होण्याची माझी पात्रता केव्हाच संपली होती.

चर्चमध्ये गुडघे टेकायला जी उशी ठेवतात तिला हॅसॉक म्हणतात. तो शब्द काकांना मिळाला तो एका चर्चच्या पत्रकात, पण बंगाली मजकुरात, बंगाली लिपीत. मी हरकत घेतली. हे कसं चालेल?

"लिपी म्हणजे सदरा," ते म्हणाले. "सदरा बदलला म्हणून आतला माणूस बदलतो का?"

असं करत करत माझ्या ओळखीच्या पहिल्या वर्षातच छत्तिसावं कार्ड भरलं. एक रिकामं होतं. ते नेहमी सगळ्यात वर असायचं. त्यावर काकांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं: बॅनॉक. लोखंडी तव्यावर भाजलेली, जाड्याभरड्या पिठाची, गोल, चपटी भाकर.

हा शब्द काही तितका दुर्मीळ नाही, हे मला शब्दकोश पाहिल्यावर कळलं. तिकडे स्कॉटलंडात अजून लोक तो वापरतात म्हणे. पण कोलकात्यात कोणाला तो कशाला लागावा? आणि नेमका हाच काकांना सगळ्यात जास्त हवा होता. हा त्यांचा पहिला शब्द. बाकीचे छत्तीस त्याच्या मागून आले.

तो कसा आला, ते काकांनी मला एका दुपारी त्यांच्या घरी सांगितलं. त्यांचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. रविवारी काकू भाकऱ्या करत आणि मला बोलावत. ज्वारीचं पीठ ही तिथे सोन्याच्या भावाची वस्तू. दुकानात मिळतं ते किती जुनं असेल याचा भरवसा नाही. म्हणून महाराष्ट्रातून जो कोणी येईल त्याला काकू पीठ आणायला सांगत. बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांची किंमत त्या घरात पिठावरून ठरत असे. माझ्या आईने पाठवलेलं पीठ ताजं असायचं, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. नाहीतर काकू परातीत हात घालून म्हणत, "विरी गेली गं पिठाची. थापताना फाटणार बघ."

तर काका पाचवीत असताना त्यांच्या डब्यात भाकरी असायची. वर्गातली मुलं बंगाली, त्यांच्या डब्यात लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूदम. भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या थापतात, त्यांना तिकडे घुंटे म्हणतात. भाकरीचा रंग आणि आकार पाहून मुलांनी ठरवलं की माधव घुंटे खातो. मग रोज मधल्या सुट्टीत तेच. माधव जिन्याखाली बसून जेवायला लागला. एक दिवस तिथे त्यांचे स्कॉटिश मास्तर आले. डब्यात वाकून पाहिलं, न विचारता एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "बॅनॉक!" त्यांची आजी करायची म्हणे, अगदी अशीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे भर वर्गात सांगितलं. त्या दिवसापासून घुंटे बंद. एका बॅनॉकला दोन लुची असा मधल्या सुट्टीतला भाव फुटला.

"त्या एका शब्दाने माझी भाकरी वाचवली," काका म्हणाले. "तो छापून आलेला पाहिल्याशिवाय जायचं नाही, एवढं ठरवलंय."

काकू आतून म्हणाल्या, "ह्यांना भाकरी हवी गरम आणि शब्द हवा शिळा. ताट वाढलंय, या."

हे सगळं गमतीचंच राहिलं असतं, पण दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात काकांच्या डोळ्यांचं निघालं. मधलं दिसेनासं होत चाललं होतं, कडेचं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हे थोपवता येईल, उलटवता येणार नाही, आणि वाचन फार तर वर्षभर. काकांनी हे मला प्रूफमधली चूक दाखवावी तशा आवाजात सांगितलं. त्यांची मुलगी रेवा तिथेच होती. कोलकात्यात वाढलेली, बंगाल्याशी लग्न केलेली, तिचं मराठी गोड आणि वाकडंतिकडं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आता औषध आणि पाणी खा आणि पडा." काकांनी तिला दुरुस्त केलं नाही. एरवी पाणी पितात की खातात यावर त्यांनी नक्की अर्धा तास घेतला असता. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

काका एकदाच म्हणाले, "बॅनॉक आता घाई करेल तर बरं." एवढंच. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

आमच्या मंडळाची गणेशोत्सवाला स्मरणिका निघते. तिचं संपादन दर वेळी बदलीवर नवीन आलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. जुनी मंडळी तीन-तीन पिढ्या तिथलीच. आपलं मराठी गंजलं असेल अशी त्यांना धास्ती असते, आणि महाराष्ट्रातून ताजा आलेला माणूस शुद्धच लिहिणार असा एक गोड गैरसमज. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षं मी संपादक होते. प्रूफं अर्थातच काका पाहत, कितीतरी वर्षांपासून, फुकट. स्मरणिकेत शेवटी एक पान इंग्रजी असतं, कारण उत्सवात खाण्याचे स्टॉल लागतात आणि निम्मे खाणारे बंगाली असतात. त्या पानावर कोणत्या स्टॉलवर काय मिळेल याची यादी असते. त्या वर्षी सुमतीकाकूंचा स्टॉल होता, ज्वारीची भाकरी आणि पिठलं.

आता पुढचं वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. मी ती यादी टाइप करताना भाकरीच्या जागी बॅनॉक लिहिलं. मनाशी नियम तपासून पाहिले. मी आपणहून लिहीत होते. काकांनी सुचवलं नव्हतं. बंगाली माणसाला भाकरी म्हणजे काय ते कळणार नाही, तेव्हा वाक्याला गरजही होती, अशी मी स्वतःची समजूत घातली. बँकेत कर्जाचे अर्ज मंजूर करताना मी इतकी उदार कधी झाले नव्हते.

प्रूफं घेऊन मी शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. एका हातात भिंग, दुसऱ्यात लाल पेन. कागद तिरका धरून, डोळ्याच्या कडेने, एकेक शब्द उलटा वाचत होते. पूर्वी जे पान पाच मिनिटांत व्हायचं त्याला आता अर्धा तास लागत होता. काकू आत फोडणी देत होत्या. मी खुर्चीच्या काठावर बसून पाहत होते. खालून वर येत येत त्यांचं भिंग सुमतीकाकूंच्या स्टॉलवर आलं. आधी पिठलं आलं. मग भिंग थांबलं.

ते बराच वेळ हललं नाही. काकांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, परत जवळ नेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं आणि मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. पाचवीतला मुलगा जिन्याखालून बाहेर आला.

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, त्या शब्दावर लाल रेघ मारली आणि समासात वगळण्याची खूण केली.

मला राग आला. खरंच आला. "काका, सगळे नियम पाळलेत," मी म्हटलं. "मी माझ्या मनाने लिहिलंय."

"माहीत आहे. म्हणून तर वाईट वाटतंय."

"मग?"

"स्टॉलवर येऊन कोणी विचारलं, बॅनॉक म्हणजे काय हो, तर सुमती काय सांगेल?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"भाकरी, असं सांगेल," काका म्हणाले. "मग पहिल्यांदाच का सांगू नये? त्या वाक्याला हा शब्द नकोय गं. मला हवाय."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग एक गोष्ट सांगितली, जी जिन्याखालची हकीकत सांगताना त्यांनी गाळली होती. मास्तरांनी वर्गात बॅनॉक म्हटल्यावर माधव धावत घरी गेला होता. आई चुलीपुढे होती. तो म्हणाला, आई, आई, आपल्या भाकरीला इंग्रजीत नाव आहे! आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "मग काल काय तिला नाव नव्हतं?"

"तेव्हा मला तिचा राग आला," काका म्हणाले. "वाटलं, हिला काही कळत नाही. मग नोकरीला लागलो, हा डबा केला, सगळं आयुष्य गेलं. आता दिसायचं कमी झालं तेव्हा तिचं ते वाक्य सारखं ऐकू येतंय. मुलं गप्प बसली ती साहेबाच्या शब्दाला. भाकरीला नव्हेच." त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि खोडलेल्या शब्दाच्या वर, रोमन लिपीत, सावकाश, एकेक अक्षर चाचपत भाकरी लिहिलं. दुसऱ्याच्या मजकुरात त्यांनी स्वतःचा शब्द घातलेला मी पाहिला तो तेवढाच.

उत्सवात काकूंच्या स्टॉलपुढे मी आणि काका खुर्च्या टाकून बसलो होतो. पिवळ्या साडीतल्या एक बंगाली बाई आल्या, भाकरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "एटा की, दिदी?" काकू म्हणाल्या, "भाकरी." त्या बाईंनी "भाकोरी, भाकोरी" असं दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन मागितल्या. काकांना त्या बाई नीट दिसत नव्हत्या, त्यामुळे ते नुसते आवाजाच्या दिशेने पाहत होते. "ऐकलंस?" ते मला म्हणाले. मी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी साठ भाकऱ्या संपल्या आणि पीठ कमी पडलं म्हणून काकू माझ्यावर चिडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली झाली. काकांचं वाचणं तोवर थांबलं होतं. तरी छापखान्यात जात. तिथला कोणीतरी त्यांना मजकूर उलटा वाचून दाखवी आणि ते ऐकून चुका काढत. निरोपाला गेले तेव्हा डबा टेबलावर होता. वरचं कार्ड रिकामंच. मी म्हटलं, "काका, हे तसंच राहिलं." ते म्हणाले, "राहू दे. छत्तीस वेळा लोकांना शब्दाची गरज पडली, हे काय कमी आहे? एखाद्या शब्दाची गरज पडू नये, हेही बरंच असतं." मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि पायरीचा अंदाज चुकून माझ्याच हाताला धरून उभे राहिले.

या जानेवारीत ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. रेवाने फोन केला. तिला मराठीत नीट सांगता येईना. मग ती बंगालीत बोलली आणि मला सगळं समजलं.

यंदा मंडळाचा फोन आला की स्मरणिकेसाठी बार्शीकरांवर काहीतरी लिहून द्या, तुम्ही त्यांना ओळखत होतात. मी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी तो शब्द मुद्दाम टाळला. वाटलं, त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलेला शब्द आपण का छापावा? जुनी इंग्रजी भाकरी, मास्तरांनी दिलेलं नाव, डब्यातला तो पहिला शब्द, असं काय काय लिहून पाहिलं. एका वस्तूला तीन पानांत तीन नावं झाली. वाचून पाहिलं तर काहीच कळेना. बजबजची ती होडी आठवली आणि मी सगळं फाडून टाकलं. तो शब्द लिहिल्याशिवाय या माणसाबद्दल लिहिताच येत नाही. मग लिहिला, जिथे जिथे लागला तिथे.

म्हणजे वाक्याला गरज होती. मी आपणहून लिहिला. काकांनी सुचवला नाही. स्मरणिका कोलकात्यातच छापली जाईल आणि लिपी म्हणजे सदरा. मी हे नियम पुन्हा पुन्हा तपासले आहेत, या वेळी उदार न होता. प्रूफं आता कोण पाहणार ते मंडळाने कळवलेलं नाही. जो कोणी पाहील त्याला एवढीच विनंती, की शेवटून सुरुवातीकडे वाचावं आणि तो शब्द आला की खोडू नये.

परवा काकूंना फोन करून सांगितलं, की अंक आला की बॅनॉक जिथे आहे ती एक ओळ कापा आणि वरच्या कार्डावर डकवा.

"डकवीन," त्या म्हणाल्या. "पण तूच ये ना डकवायला. आणि येताना पीठ आण. ते गेल्यापासून मी भाकरी थापलेली नाही."